चौथ्या मजल्यावरची गरम गंगा

"ढकलू नका हो! गंगा काय पळून चालली नाही!"

चेअरमन धोंडिराम पाटणकर जिन्यात उभे राहून ओरडत होते आणि जिना चौथ्या मजल्यापासून पार वॉचमनच्या खुर्चीपर्यंत माणसांनी भरला होता. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बाटली, एका महाभागाने तर वीस लिटरचा कॅन आणला होता. रांगेचं दुसरं टोक माझ्या न्हाणीघरात होतं. हो, माझ्या. मी दर्शना, फ्लॅट नंबर चारशे तीन. संध्याकाळी कामावरून यायचं आणि स्वतःच्या घरात तोंड धुवायला रांगेत उभं राहायचं, अशी माझी गत झाली होती.

चारकोपातली आमची सोसायटी बहुतेक कोकणातल्या माणसांची. सासऱ्यांची पिढी गिरणीत राबली, पुढची पिढी बँकेत, कुरियरमध्ये, हॉस्पिटलात लागली. माझा नवरा नितेश मस्कतला एसीचं काम करतो. घरात मी, सासूबाई आणि बारा वर्षांची श्रुतिका. मार्चमध्ये एका सकाळी न्हाणीची भिंत पाझरायला लागली आणि पाणी चक्क गरम होतं. दुसऱ्या कुठल्या गावची माणसं असती तर त्यांनी प्लंबरला फोन लावला असता. पण आमच्या सासूबाई, चंपाबाई, पडल्या राजापूरच्या. तिथली गंगा मनाला येईल तेव्हा प्रकट होते आणि शेजारच्या उन्हाळे गावात गरम पाण्याचा झरा आहे. भिंतीला हात लावला आणि सासूबाई किंचाळल्या, "गो दर्शना, गंगा इली! माझ्या पाठसून इली!"

अर्ध्या तासात बिल्डिंगमधलं सगळं राजापूर, लांजा, खारेपाटण माझ्या न्हाणीत हजर.

तिसऱ्या दिवशी बाबा आला. जलयोगी तीर्थप्रकाश. भगवं जाकीट, मनगटावर स्मार्टवॉच, आणि मागे राजेश नावाचा चाळिशीतला चेला. बाबाने भिंतीला कान लावला, डोळे मिटले आणि सुरू झाला.

"माताजी, धरतीच्या पोटात एक मेन लाइन आहे. तिचं कनेक्शन ह्या भिंतीला दिलेलं आहे. घंटानाद झाला की व्हायब्रेशन होतं. व्हायब्रेशन झालं की फ्लो येतो!"

"मग चौथ्या मजल्यावर कशाला?" मी विचारलं. "तळमजला जवळ नव्हता का?"

"भक्ती वर चढते, ताई."

टाळ्या! माझ्या घरात, माझ्या तोंडावर टाळ्या!

तेव्हापासून रोजचा कार्यक्रम ठरून गेला. पावणेसातला राजेश 'सूर्याला निरोप द्यायला' गच्चीवर जायचा. सातला आरती. घंटा, टाळ, शंख. पाचदहा मिनिटांत भिंतीला घाम फुटायचा, मग धार लागायची. बाबा यायच्या आधी भिंत फक्त सकाळी सहा ते आठ पाझरायची, हे सगळे सोयीस्कर विसरले. आणि नेमकं तेव्हापासूनच सकाळी सहा ते आठ नळाला येणारं गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी बंद झालं होतं. सगळे सोलर बसवणाऱ्याला शिव्या घालून आपापले गिझर लावत होते. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला मात्र कुणी तयार नव्हतं. खरं सांगते, मीसुद्धा नाही.

कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. न्हाणीची भिंत म्हणजे श्रुतिकाच्या पलंगामागची भिंत. तिच्यावर काळी बुरशी चढली होती आणि पोरीचा दमा उसळला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, भिंत सुकवा, नाहीतर घर बदला. मी भिंत फोडायची परवानगी मागितली, तर कमिटीने बोर्डावर नोटीस लावली: पवित्र भिंतीला हात लावण्यास सक्त मनाई. घर सोडून जावं तर सासूबाई उंबरा ओलांडायला तयार नाहीत. नितेशला फोन केला.

"चार दिवस कळ काढ गं. लोकांचं मन कशाला मोडायचं?"

"कळ मी काढते रे! पण पोरीला श्वास पुरत नाही, त्याचं काय?"

'साइटवर बोलावतायत' म्हणून त्याने फोन ठेवला. समुद्रापलीकडून फोन ठेवणं सोपं असतं.

मग स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून प्रितम आला. मालाडचा प्लंबर, कामाला चोख, तोंडाला फटकळ. त्याने जाता जाता भिंतीवर तळवा टेकला आणि हसला.

"ताई, ही कसली गंगा? सोलरची लाइन आहे. गच्चीवरचा कॉक फिरवला की गंगा बंद."

"मग आज फिरव!"

गच्चीवरच्या मुख्य कॉकला हँडलच नव्हतं, म्हणून त्याने टाकीजवळचा दुसरा कॉक बंद केला. त्या दिवशी पाऊण तास आरती चालली. घंटा बडवून बडवून लोकांचे हात दुखले, भिंत ठणठणीत कोरडी. मी मनात म्हटलं, आता बोल बाबा!

बाबा बोलला. डोळे मिटून, सावकाश. "ह्या घरात विटाळ आहे." आणि त्याचं बोट श्रुतिकावर गेलं. "हिचा श्वास का अडतो? गंगेचा कोप आहे. तो तोंडात मारायचा पंप फेकून द्या. गंगेचं तीर्थ पाजा."

पन्नास डोकी माझ्या पोरीकडे वळली. ती माझ्या पदराआड सरकली. माझी वाट लागली होती आणि ती मीच लावून घेतली होती. पाणी बंद केलं की डोळे उघडतील असं मला वाटलं होतं, झालं उलटंच. मी प्रितमकडून तो कॉक पुन्हा उघडून घेतला, तर धार आली आणि रांग दुप्पट झाली.

दोन दिवसांनी मालाडच्या लॅबमधली ड्युटी संपवून परत येते तर लिफ्ट पाण्याच्या कॅननी भरलेली. जिन्याने चढले. तिसऱ्या मजल्यावर सासूबाई श्रुतिकाला कवटाळून खाली उतरताना गर्दीत अडकलेल्या. पोरीचे ओठ निळे पडलेले, छाती भात्यासारखी वरखाली. आणि वरून कुणीतरी म्हणत होतं, "आजी, रांग मोडू नका हो, उलट्या कुठे चाललात?"

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. पण जिना मोकळा झाला.

पंप सासूबाईंनी तांदळाच्या डब्यात लपवला होता. हॉस्पिटलात वाफ दिल्यावर तासाभराने पोरीचे ओठ पुन्हा गुलाबी झाले. बाहेरच्या बाकावर सासूबाई पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. मला त्यांच्यावर चिडायचं होतं. फार चिडायचं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "तो प्लंबर काय सांगी होतो? माका वर घेऊन चल. माझ्या डोळ्यांनी बघूचा आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गच्चीवर गेलो. मुख्य कॉकचं हँडल अजूनही गायब होतं. ते राजेशच्या खिशात असणार, नाहीतर कुठे? प्रितमने पाना लावून दिला. खाली तोंडाला मास्क बांधून श्रुतिका न्हाणीच्या दारात बसली आणि मोबाइलवरून भिंत दाखवू लागली.

"आजी, तुम्ही फिरवा," प्रितम म्हणाला. "मी हात लावणार नाही."

सासूबाईंनी पाना फिरवला. चार मिनिटं झाली.

"आजी, आली!" मोबाइलमधून श्रुतिका ओरडली.

सासूबाईंनी बंद केला. धारेचे थेंब झाले, थेंब थांबले. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. तिसऱ्यांदा बंद करून त्यांनी पाना खाली ठेवला. "घंटा नाय, आरती नाय," त्या पुटपुटल्या. "मीच आणतंय, मीच थांबवतंय. मेल्यान् माझ्या नातीचो जीव घेतलो असतो!"

त्या संध्याकाळी राजेश गच्चीवर गेला तेव्हा प्रितम आधीच कॉकपाशी बसलेला होता. खाली आरती संपली, भिंत कोरडी. बाबाने 'विटाळ' म्हणायला तोंड उघडलं आणि सासूबाई पुढे झाल्या.

"बाबा, गंगा होयी? थांब, माझ्या फोनात आसा." त्यांनी फोन कानाला लावला. "सोड रे, प्रितम."

कुणी घंटेला हात लावला नाही. थोड्या वेळाने भिंत पाझरली, धार लागली.

"बंद कर."

बंद.

"हा... हा तर हातचलाखीचा..." बाबा बोलायला लागला.

"हातचलाखी माझी नाय, तुझी!" सासूबाई कडाडल्या. "आता तू घंटा वाजव नि आण बघू!"

बाबाने स्मार्टवॉचमध्ये पाहिलं, जणू त्याला कुठे उशीर होत होता. गर्दीने त्याला वाट दिली, पण कुणी पाया पडलं नाही. चेअरमन मला म्हणाले, "वहिनी, आम्हाला काय माहीत?" मी म्हटलं, "विचारायचं होतंत."

सकाळी बोर्डावरची नोटीस उतरवली आणि भिंत फोडली. आत गरम पाण्याच्या पाइपला थंड पाण्याचा साधा पांढरा एल्बो, म्हणजे वळणावरचा प्लास्टिकचा जोड, लावलेला. उन्हात तापलेल्या पाण्याने तो मऊ पडून वाकला होता आणि सांध्यातून पाणी सुटत होतं. राजेश आधी प्लंबिंगच्या ठेकेदाराकडे कामाला होता, त्यामुळे त्याला पहिल्याच दिवशी कळलं. हँडल खिशात घातलं, सकाळी कॉक बंद ठेवला, संध्याकाळी उघडला आणि बाबाला मेन लाइन सापडली. दिवसभर सूर्याने फुकट तापवलेलं पाणी संध्याकाळी भिंतीतून वाया, आणि पहाटे अठ्ठेचाळीस घरांत विजेचे गिझर चालू! आणि वर ज्यांनी ते पाणी तीर्थ म्हणून प्यायलं, त्यांच्यातल्या निम्म्यांची पोटं बिघडली, ते वेगळंच. प्रितमने गरम पाण्याचा योग्य एल्बो बसवला. नळांना गरम पाणी आलं. भिंत सुकायला तीन आठवडे लागले, पोरीची छाती सुटायला त्याहून जास्त.

मी कुणाच्या देवाला हात लावत नाही. सासूबाई अजूनही राजापूरला गंगेवर जातात, खुशाल जावं. पण तुमच्या घरातली भिंत ओली दिसली तर आधी विचारा, मागून कुठली पाइप गेली आहे? पाणी कधी येतं, कधी थांबतं? कॉक कुणाच्या हातात आहे? हे विचारल्याने कुठल्याही देवाचा अपमान होत नाही. देव असेल तर तो प्लंबर येईपर्यंत थांबेल. दम्याचं पोर थांबत नाही.