फरीबाच्या आईचा पाट

इराणी म्हटलं की रत्नागिरीतल्या माणसाला चहा आणि मस्कापाव आठवणार, त्याला फरीबा तरी काय करणार? मुंबई बघून आलेला प्रत्येक शहाणा आमच्या कारखान्यात डोकावून तिला विचारायचा, "तुमचं हॉटेल कुठं?" ती हसायची. चिडायचे मी.

कारखाना म्हणजे माझ्या वडिलांचा, काशीरामांचा, गणपतीचा कारखाना. फरीबा तिथे शाडूचं काम शिकायला आली होती. साल त्र्याऐंशी. पुण्यात शिल्पकला शिकायला म्हणून ती घर सोडून आली, आणि मागे तिच्या देशात लढाई पेटली. खोर्रमशहर नावाच्या तिच्या बंदरगावात घरावर बॉम्ब पडला. आई गेली, आणि घराबरोबर घरातले फोटोही गेले.

"येताना फोटो आणलाच नाही," ती तिच्या पुणेरी मराठीत म्हणाली. "सुट्टीत परत जायचंच होतं ना. आता चेहरा विसरायच्या आत आईची मूर्ती करायची आहे. रंगवून. आमच्याकडच्या रंगांत."

आमच्याकडे नागपंचमीच्या सुमारास घरोघरचे पाट कारखान्यात येतात. ज्याच्या पाटावर जो गणपती घडला तो त्याचा. मूर्ती समुद्रात जाते, पाट मात्र किनाऱ्याची मूठभर वाळू घेऊन घरी परततो. फरीबाचा पाट कुठून येणार? बाबांनी तिला एक फळी दिली, तर आई कडाडली.

"फळीवर? कुणाची तरी आयशी हाय ती! पाटाशिवाय बसेल काय?"

आणि तिने स्वयंपाकघरातला स्वतःचा पाट आणून ठेवला. आमची आई, सगुणा, अशीच. कुणाचं अडलेलं दिसलं की पदर खोचून हजर, मग बोलावणं असो वा नसो.

फरीबाची आई हळूहळू त्या पाटावर बसली. फुलाफुलांची ओढणी, हातात चहाचा छोटा पेला. झग्याच्या निळ्यासाठी फरीबाने बाबांचा जीव खाल्ला. तिला आपल्या घरच्या अंगणातल्या हौदाच्या फरशीचा निळा हवा होता आणि बाबांकडे होता मोरपिशी. पंधरा वाट्या कालवून झाल्यावर एकदाचा जमला.

एक दिवस ती मूर्तीपासून लांब उभी राहून हसायला लागली.

"मालन, बघ. माझी आई अशी कधीच बसली नाही. एक गुडघा वर, हात त्याच्यावर. ही तर काकी बसतात तशी बसलीय. खाली रत्नागिरी, वर खोर्रमशहर." मग हसू थांबलं. "मी पण तशीच झाले आहे."

सगळं झालं, डोळे होईनात. आमच्याकडे डोळे शेवटी काढतात. डोळे उघडले की मातीची मूर्ती उरत नाही, आत कुणीतरी येऊन बसतं. तो हात फक्त बाबांचा. त्यांनी दोनदा विचारलं, "मी काढू काय?"

"नको दादा. तुमचे डोळे देवाचे. मला तिचे पाहिजेत. सगळं आठवतं, तेवढंच आठवत नाही."

त्या दिवशी ती मूर्तीपुढे गुडघ्यात डोकं घालून रडली. "माझ्या आईला कोणी पोचवलंसुद्धा नाही, काकी. कुठे पुरली तेही माहीत नाही." आईने तिला कुशीत घेतलं आणि पोरगीसुद्धा तिथेच पडून राहिली. मला तेव्हा आईचा फार अभिमान वाटला होता.

चतुर्थीला दोन दिवस उरले. फरीबा सकाळपासून उपाशी. आई ताट घेऊन आली, तरी ही उठेना. तेव्हा आई कमरेवर हात ठेवून तिच्याकडे नुसती बघत राहिली. त्या बघण्याने मी लहानपणी गपगुमान कारल्याची भाजी खाल्लेली आहे.

फरीबा ताडकन उठली. "काकी, हलू नका! अशीच बघायची ती!"

तिने कुंचला उचलला. डाव्या डोळ्याची पापणी किंचित उतरलेली, रागाच्या आत हसू.  पाटावरून एक परकी बाई आमच्याकडे बघत होती आणि विचारत होती, जेवलीस का? आईने नकळत डोक्यावरून पदर घेतला. बाबा म्हणाले, "उघडले डोळे."

फरीबा त्या दिवशी दोनदा जेवली. मूर्ती पुण्याला न्यायची, तिचा साचा काढायचा, सणानंतर फोटोवाल्यालाही बोलवायचं, असं सगळं तिने ठरवून आईलाही सांगून टाकलं. पण त्याआधी ऐन गणपतीत तिला मुंबई गाठावी लागली. परदेशी माणसाला मुक्कामाची मुदत वाढवून घ्यावी लागे. "एकटी पोर कशी जाईल?" म्हणून आईनेच मला बरोबर धाडलं. कचेरीत आज या, उद्या या, यात गौरी येऊन गेल्या. आम्ही एसटीने परतलो ते विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी.

फरीबा पिशवी खांद्यावर तशीच ठेवून कारखान्यात धावली. कारखाना रिकामा होता. कोपऱ्यात आईचा पाट होता, धुतलेला, आणि त्यावर मूठभर वाळू.

मला एका क्षणात सगळं कळलं. तिला कळायला वेळ लागला. ती पाटाच्या मागे बघत होती.

आई ओले हात पुसत आली, उजळलेल्या तोंडाने. "केलं गो बाय सगळं. डोळे उघडलेली आयशी, तिला रिकाम्या कारखान्यात एकटीला ठेवायची काय? रोज ताट वाढलं. काल गौरीसंगती तिचीपण ओटी भरली. दहीपोह्यांची शिदोरी दिली. ह्यांनी छातीभर पाण्यात नेलंनी. तुझ्या आयशीला कोणी पोचवलंन नाय म्हणत होतीस ना? मी पोचवली."

"आई!" मी ओरडले. "ती ठेवायची होती! तुला सांगितलं होतं ना!"

"डोळे उघडल्यावर कोण ठेवतं?" आई म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. माझ्याकडून तिने फरीबाकडे बघितलं, आणि मग कळायला लागलं. हातातलं फडकं खाली पडलं.

  पाटाजवळ बसून फरीबाने वाळूवर हात ठेवला.

"काकी, तोंड कुठे होतं तिचं? जाताना?"

"गणपतीचं आम्ही घराकडं करतो," आई म्हणाली. "तिचं... मी ह्यांना म्हटलं, तिचं घर पलीकडं. तिकडं करा. समुद्राकडं."

तेव्हा फरीबा रडली. मांडवीच्या किनाऱ्यावरून आईचं तोंड आपल्या गावाकडे करून तिला कुणीतरी पोचवलं होतं, आणि तिच्यापाशी काही उरलं नव्हतं. माझी आई तिच्या पायाशी बसली. तिला जवळ घ्यायची आईची हिंमत होईना, आणि फरीबाने शेवटी आपणच आईच्या मांडीवर डोकं टेकलं. माझा मात्र राग कित्येक वर्षं गेला नाही.

तिने पुन्हा मूर्ती घडवली, त्याच पाटावर. निळा या वेळी पहिल्याच वाटीत जमला. डोळे तेवढे राहिले. आई रोज तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहायची, पण आईच्या डोळ्यांत आता राग उरलाच नव्हता, नुसती माफी होती. त्या डोळ्यांवरून काय काढणार?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी फरीबाने कुंचला बाबांपुढे धरला.

"दादा, तुम्ही काढा."

"कसे काढू?"

"कसेही. कोणाचेही चालतील."

बाबांनी आयुष्यात कुठल्या मूर्तीला डोळे नाकारले नव्हते. त्यांनी कुंचला घेतला, मूर्तीसमोर बसले, आणि मग "अशीच ने पुण्याला. डोळे उघडले नाहीत तर पोचवावी लागत नाही," म्हणत उठून तो कोरडाच कुंचला पाण्यात धुऊन जागेवर ठेवला.