फोमवरची पाठ

अकराव्यांदाही क्रांती पालथीच पडली.

"कट! अगं माझे बाई, उताणी पड की!" फाईट मास्टर अश्फाकनं कपाळावर हात मारला. तो मिरजेचा, तिच्याच जिल्ह्यातला, म्हणून तेवढ्या हक्कानं ओरडायचा. "व्हिडिओ गेममधली खलनायिका हाय तू. पोरं दोन बटणं दाबत्यात आन् तू पाठीवर पडतीस. आता पिक्चरमदी पालथी पडलीस तर तीच पोरं आपल्याला शिव्या घालतील."

पण क्रांतीचं अंग ऐकेल तर शपथ. कुंडलच्या तालमीत बारा वर्षं तिनं एकच गोष्ट गिरवलेली, जीव गेला तरी पाठ मातीला लागू द्यायची नाही. हिरॉइनची लाथ छातीशी आली की तिची मान आपोआप वळायची आणि खांदा फिरायचा. त्यात तो काळ्या रबराचा मेला पोशाख! चेन पाठीमागे, तोंडावर मुखवटा. दुसऱ्यानं सोडवल्याशिवाय बाहेर पडायची सोय नाही. करारावर सही झालेली. कोयनानगरचं शूटिंग संपायला अजून पाच दिवस, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी कुंडलचं मैदान. मुलींची पहिल्या नंबरची कुस्ती यंदा तिची लागली होती. याच दिवसासाठी तिनं बारा वर्षं माती खाल्ली होती.

जेवणाच्या सुट्टीत तिनं नानासोंना फोन लावला. बाप तेच आणि वस्तादही तेच.

"आबा, पाठ टेकव म्हणत्यात."

"कशावर?"

"निळा फोम हाय. हातभर जाड."

नानासो मोठ्यानं हसले. "मग टेकव की! फोमवरची पाठ मैदानात कोण धरतंय?"

दुपारी ती पडली. अशी झकास पडली की अश्फाकनं शिट्टीच मारली. मग तेच डावीकडून, तेच उजवीकडून, तेच वरून. पाच दिवसांत शंभरेक वेळा तरी ती पडली असेल. लाथ आली की श्वास सोडायचा, अंग सैल टाकायचं. शेवटी शेवटी तर तिला त्यात बरं वाटायला लागलं, आणि त्याची तिची तिलाच लाज वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी ती तालमीतल्या लाल मातीत उतरली. समोर नेहमीची जोडीदारीण संयोगिता, कडेला नानासो. संयोगिता वाकून आत शिरली आणि तिचा खांदा क्रांतीच्या छातीला लागला.

क्रांतीनं श्वास सोडला. पाठ सपशेल मातीवर.

संयोगिताच दचकली. "अगं, मुद्दाम पडलीस व्हय?"

"न्हाई गं," क्रांती म्हणाली.

"पुन्हा," नानासो म्हणाले.

पुन्हा तेच झालं.

तिसऱ्यांदा पडल्यावर ती उठली नाही. नानासो धोतर सावरत मातीत उतरले आणि तिच्या उशाशी बसले.

"मीच टेकव म्हणालो गं," ते म्हणाले.

क्रांतीनं ऐकलं. पण डोळे मिटून ती तशीच पडून राहिली, कोणीतरी 'कट' म्हणेल म्हणून.