मनीच्या हिरड्या

झाकण उघडताच आलेला तो वास — उग्र, ओळखीचा, पण या दुकानातला नव्हे — वृषभच्या नाकात शिरला तो शिरलाच. डबीत हिरवट भुकटी, डबीवर पानांचं चित्र आणि ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के नैसर्गिक’. लसूण… बेळगावला हॉस्टेलवर असताना शेजारच्या खोलीतून यायचा, तसाच. निपाणीतल्या त्याच्या जैन घरात लसूण कधी आला नव्हता, आणि औषधांच्या या दुकानात पंधरा दिवस तो काउंटरवर बंद डब्यांत बसून होता.

त्यानं डबी उलटली. मागे मुंगीएवढी अक्षरं : लसूण अर्क. पिसवांवर, रोज खाण्यात मिसळून द्यावे. फक्त कुत्र्यांसाठी.

आणि मालुबाई? कोगनोळीची मालुबाई, नवऱ्यामागं एकटी राहणारी, बीपीच्या गोळ्या न्यायला येणारी. गेल्या सोमवारी म्हणाली, मनीला पिसवा झाल्यात. “मांजराला चालंल न्हवं, अण्णा?” — आणि आपण फोन कानाला लावूनच डबी तिच्यापुढं सरकवली : “चालतंय की. नैसर्गिक आहे, काय होतंय!” पाणी गाळून पिणाऱ्या घरातला मी. धान्यातली अळीसुद्धा आई हलकेच उचलून अंगणात सोडायची… आणि मी साधी डबी उलटून पाहिली नाही.

की हे मनाला लागतंय ते मांजरासाठी नव्हेच? आपल्याला लसूण वर्ज्य, म्हणून तो मांजरालाही वाईटच, असं मनानं परस्पर ठरवून टाकलं? त्यानं जनावरांच्या डॉक्टर दीप्ती मॅडमना फोन लावला.

“मांजराला लसूण नकोच,” त्या म्हणाल्या. “रक्त कमी होतं. लगेच कळत नाही, काही दिवसांनी सुस्ती येते, हिरड्या फिकट पडतात. किती पोटात गेलंय त्यावर आहे. बंद करा आणि आजच घेऊन या.”

शटर ओढून तो स्कूटरवर बसला तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

कोगनोळीत मालुबाई घराच्या सोप्यात बसली होती, मांडीवर मनी.

“अण्णा, तुमी? या की! लई गुण आला बघा. पिसवा तर गेल्याच, आनि आधी गावभर हिंडायची ती आता तीन दिस मांडीवरनं हलत न्हाय. जीव बसला माझ्यावर.”

हे सांगताना म्हातारीचा चेहरा इतका उजळला होता, की वृषभ स्वतःचीच समजूत घालू लागला. उन्हाळ्यात मांजरं झोपतातच… वय झालं असेल… त्यानं खाली बसून मनीचा ओठ अंगठ्यानं वर केला. गुलाबी? की फिकट? आधी किती गुलाबी होत्या कुणास ठाऊक. मांजराच्या हिरड्या त्यानं आयुष्यात कधी पाहिल्या नव्हत्या.

“मालुबाई, ती भुकटी बंद करा. मांजराची नव्हे ती. मी न वाचताच दिली.”

“पर तुमीच म्हनाला व्हता न्हवं, चालतंय म्हनून?”

“व्हय. म्हणालो.”

तिचा मनीच्या पाठीवरून फिरणारा हात थांबला. “मग ही अशी बसतीया, ती… दुखणाईत हाय म्हनून?”

काय सांगावं? हो म्हणावं तर तिचे तीन दिवस हिरावून घेतल्यासारखं, नाही म्हणावं तर पुन्हा तेच — न बघता बोलणं.

“मला ठाऊक नाही,” तो म्हणाला. “चला, दाखवून येऊ.”

मनीला पदरात गुंडाळून ती मागे बसली. हायवेला ट्रकांची रांग लागली होती. तो कडेकडेनं स्कूटर हाकत होता आणि मनाशी घोकत होता, मांजर बरं निघू दे, बरं निघू दे… म्हणजे म्हातारीचं खरं, आपण सुटलो. पण मग हे धावत येणं फुकटच? — त्यासाठी तरी थोडं काही निघावं, अगदी थोडं… तो दचकला. हे कोण मागतंय? एका मुक्या जिवाला काही व्हावं, असं मी मागतोय? मागे मालुबाई मांजराशी काहीतरी पुटपुटत होती. वाऱ्यात शब्द कळत नव्हते. त्यानं मान किंचित मागे वळवली, आणि ती आपल्याला शिव्याच देत असू दे, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं.