भरीत भाजायला दोन चिठ्ठ्या

कामिनीचे सासरे रुपचंदआबा यांनी धुळ्याजवळच्या आपल्या मळ्यात भरीत पार्टी ठरवली आणि तिन्ही घरांना आवतण दिलं: आपलं धुळ्याचं, सुनेच्या माहेरचं जळगावचं आणि बहिणीचं शिरपूरचं. वांगी आली, कपाशीच्या काड्या रचून झाल्या, आणि भाजायचं कोणी यावरून तोंडं सुरू झाली. जो तो म्हणे, आमच्याकडचंच भरीत खरं.

"चिठ्ठ्या टाका," आबा म्हणाले. "दोघांनी मिळून भाजायचं. एकाच घरातले दोघं निघाले तर चिठ्ठ्या परत टोपीत."

कामिनीच्या नवऱ्याचा, भूषणचा, चेहरा उतरला. लग्नात त्याच्या शिरपूरच्या कोकिळाआत्याने भर पंगतीत जळगावकरांच्या शेवभाजीला फिकी म्हटलं होतं. तेव्हापासून कामिनीच्या आई सुनंदाबाई तिच्याशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

"त्या दोघीच निघाल्या तर?" त्याने बायकोला बांधाकडे ओढत विचारलं.

कामिनी कॉलेजात गणित शिकवायची. तिने माणसांवरून नजर फिरवली. "जळगावचे पाच, धुळ्याचे चार, शिरपूरचे तीन. बारा जणांच्या सहासष्ट जोड्या होतात. त्यात आई आणि आत्या ही एकच. घाबरू नकोस."

भूषणने श्वास सोडला. पण कामिनीच्या कपाळावर आठी आली.

"थांब. एका घरातल्या जोड्या बाद होणार ना? मग वेगवेगळ्या घरांच्याच धरायच्या. जळगाव-धुळे पाच चोक वीस, जळगाव-शिरपूर पाच त्रिक पंधरा, धुळे-शिरपूर चार त्रिक बारा. म्हणजे सत्तेचाळिसात एक."

"आत्ताच सहासष्ट होत्या!" भूषण कळवळला. "तू मोजू नकोस बाई. मोजशील तशा कमी होतायत."

पहिल्यांदा कामिनीचे दोन्ही भाऊ निघाले. चिठ्ठ्या परत गेल्या. दुसऱ्यांदा आबांनी "सुनंदाबाई" असं वाचलं, पुढची चिठ्ठी उघडली आणि खाकरले.

"कोकिळा."

दोघी विहिणी जाळाच्या दोन बाजूंना पाठमोऱ्या बसल्या. धूर कोकिळाआत्याच्या डोळ्यांत गेला, तशी ती ओरडली, "विहीणबाई, फिरवा ना! बठ्ठं वांगं जळी जाई!"

"जळू द्या. फिकं तरी लागणार नाही," सुनंदाबाई म्हणाल्या. पण वांगं फिरवलं. मग हळूच पुढे म्हणाल्या, "त्या दिवशी आचाऱ्याला मीच तिखट कमी टाकायला लावलं होतं. म्हटलं, पाहुण्यांना सोसायचं नाही."

"आमले? धुळे-शिरपूरवाल्यासले?" आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आणा त्या मिरच्या इकडे!"

दोघींनी मिरच्या मोजल्याच नाहीत. लाकडी बडगीत भरीत ठेचलं गेलं, पानात पडलं, आणि पहिल्याच घासाला आबांना उचकी लागली. भूषणच्या कानशिलांवरून घाम ओघळला. कामिनीने मुकाट्याने ताकाचा तांब्या उचलला.

"कसं झालंय?" दोघींनी एका सुरात विचारलं.

"झकास!" बाकीचे दहाही जण डोळे पुसत म्हणाले.