काडीसाठी घेतलेली चाकं

आमच्या काडीच्या त्या चाकांना कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. चाकं चांगली होती. मीच निवडली होती ती, तीन आठवडे डोकं लावून. चौतीस वर्षांच्या धंद्यात एवढ्या काळजीने मी दुसरं काही निवडलेलं नाही, बायकोसुद्धा नाही. ती तर घरच्यांनीच निवडली होती.

काडी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. वजन एकोणपन्नास किलो, त्यातलं निम्मं मांड्यांत. पहाटे सायकल, दुपारी दोनपासून पार्सलच्या गोदामात शिफ्ट. खोकं उचल, चिकटपट्टी लाव, पट्ट्यावर ठेव. ताई म्हणायची, "अगं, एवढी मेहनत अभ्यासात केली असतीस तर," आणि पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ होतं, त्यामुळे ते ती कधी पुरं करत नसे.

वर्षातून एक निवड-शर्यत होते. एकटीने, घड्याळाविरुद्ध, तीस किलोमीटर. तेवीस वर्षांखालच्या मुलींतल्या पहिल्या चौघी संघात जातात. संघात गेलं की राहायची सोय, प्रशिक्षक, महिन्याचा भत्ता आणि गोदामाला कायमचा रामराम. मागच्या वर्षी काडी पाचवी आली, सहा सेकंदांनी. यंदा तिचं शेवटचं वर्ष होतं. तेवीस पूर्ण झाल्यावर तिला कोण विचारणार? तुम्हीच सांगा.

"मामा, पुढच्या चौघींकडे खोल रिमची, वारा कापणारी कार्बनची चाकं आहेत," ती एकदा दुकानात येऊन म्हणाली. "माझ्याकडे तू बांधलेली ॲल्युमिनियमची."

"माझी चाकं वाईट आहेत का?"

"उत्तम आहेत. पण वाऱ्याला ते माहीत नाही ना."

मला हसू आलं आणि राग पण. आमच्या गावात माझ्या चाकांना मान आहे. चाक वाकडं फिरायला लागलं, आऊट झालं, की लोक म्हणतात, त्या कानवाल्याकडे न्या. कानवाला म्हणजे मी. मी स्पोक बोटाने छेडतो आणि आवाजावरून सांगतो, कोणता ढिला, कोणता ताणलेला. ताण मोजायचं यंत्र असतं, मी ते कधी घेतलं नाही. आईला पोराच्या कपाळावर हात ठेवून ताप कळतो, तिला थर्मामीटर कशाला? असं मी गिऱ्हाइकांना ऐकवायचो. ऐकून ते खूश व्हायचे, मी त्यांच्याहून खूश.

तर चाकं. नामांकित कंपनीची नवीन जोडी बघितली. त्या किमतीत माझं दुकान शटरसकट आलं असतं. मग जुनी बघितली. एक दातांचा डॉक्टर त्याची हौसेची जोडी विकत होता, जेमतेम वापरलेली, चकचकीत. काडीचे डोळे लकाकले. मी चाक हातात घेतलं, नाण्याने रिमवर टिचकी मारत ते गोल फिरवलं. टक, टक, टक, आणि व्हॉल्व्हच्या भोकाजवळ ठप्प. पुन्हा मारली. ठप्प. आतून तडा होता, वरच्या रंगाखाली. डॉक्टर म्हणाला, "अहो, काहीतरीच काय." मी त्याला नखाने जागा दाखवली. त्याचं तोंड एवढंसं झालं. परत येताना काडी म्हणाली, "मामा, तुझा कान म्हणजे कान आहे." मी आठवडाभर हवेत होतो.

शेवटी एका अनोळखी कारखान्याची थेट मागवायची जोडी नक्की केली. स्वस्त का, तर सगळं जग डिस्क ब्रेककडे पळालंय आणि रिमवर दाबणाऱ्या ब्रेकची चाकं गोदामांत पडून आहेत. काडीची सायकल जुनी, तिला तीच लागतात. म्हणजे लोकांचा कचरा तो आमचा फायदा. रिमची खोली किती घ्यायची यावर आमचं चांगलं वाजलं. तिला ऐंशी मिलिमीटर हवी होती, कारण पहिल्या आलेल्या मुलीकडे ऐंशी होती. मी म्हटलं, "ती मुलगी पासष्ट किलोची आहे. शर्यतीत धरणाच्या बांधावरून जायचंय, तिथे आडवा वारा आला तर तू सायकलसकट पाण्यात." पुढची-मागची दोन्ही पन्नासची घेतली. कार्बनच्या रिमला ब्रेकची रबरं वेगळी लागतात, साधी लावली तर रिम तापून सोलते, तीही मागवली. मी एकेक गोष्ट बरोबर केली. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे केलं ते सांगायला तोंड उघडत नाही.

खोकं आलं त्या सकाळी काडी, ताई आणि मी, तिघं दुकानात. आत एक चिठ्ठी होती, की ताण तपासून दिलेला आहे, कृपया छेडछाड करू नये. मी ती मोठ्याने वाचली आणि आम्ही तिघंही हसलो. कानवाल्याला सांगतायत छेडछाड करू नका.

त्या दोघी गेल्यावर मी मागचं चाक स्टँडला लावलं आणि स्पोक छेडला. टण्ण. दुसरा, तिसरा, तसाच. माझ्या कानाला सवय आहे त्याच्या कितीतरी वरचा आवाज. म्हटलं, मूर्खांनी वाटेल तसे आवळलेत. स्वस्तातली रिम, एवढा ताण धरणार नाही, शर्यतीत स्पोकच्या भोकाशी फाटेल आणि पोरगी पन्नासच्या वेगाने तोंडावर पडेल. त्या रिममध्ये निपल, म्हणजे स्पोक आवळायच्या चाव्या, आत लपलेले असतात. टायर उतरवायचा, पट्टी काढायची, लांब पाना आत घालून चाचपडत फिरवायचा. दोन सकाळी मी तेच केलं, दुसरी कामं बाजूला ठेवून. पाव फेरा, पुन्हा पाव फेरा, पुन्हा कान. शेवटी सगळे स्पोक माझ्या ओळखीच्या आवाजात बोलायला लागले. आऊट केसभरही नव्हता. पुढच्या चाकालाही तेच केलं. हात पुसताना मला खरंच वाटलं की पोरीचा जीव वाचवला.

बुधवार-गुरुवार तिने ती चाकं चालवली, दोन दिवस आराम केला, आणि रविवारी शर्यत.

मी बांधाच्या टोकाला उभा होतो. रस्ता जाताना आणि परतताना तिथूनच जातो. जाताना ती गेली तेव्हा मी घड्याळ बघितलं, मागच्या वर्षीपेक्षा चौदा सेकंद पुढे. शेजारच्या बाईने सगळ्यांच्या वेळा लिहून घेतल्या होत्या, ती म्हणाली, तुमची तिसरी चाललीय. मी मनात कुणाकुणाला काय काय कबूल केलं ते आता सांगत नाही.

परतताना ती दिसण्याआधी ऐकू आली. चर्र. चर्र. चर्र. पायडलच्या प्रत्येक दाबाला रिम ब्रेकच्या रबराला घासत होती. माझ्या कानाला ते शंभर फुटांवरून कळलं. काडी मान खाली घालून रेटत होती, मग एक हात मागे नेऊन तिने ब्रेक मोकळा करायचा प्रयत्न केला, सायकल हेलकावली, दुसऱ्यांदा हात गेला तेव्हा कुठे जमलं. पण चाक तोवर इतकं आऊट झालं होतं की मोकळ्या ब्रेकलाही लागत होतं. ती माझ्यासमोरून गेली.

सहावी आली. चौथीपेक्षा नऊ सेकंद मागे.

ती शेवटच्या रेषेपलीकडे फुटपाथवर बसली होती. हेल्मेट काढलं नव्हतं. रडत पण नव्हती. संघाचा मेकॅनिक, भला माणूस, माझ्या ओळखीचा, त्याने आपणहून चाक काढलं आणि ताण मोजायचं यंत्र लावलं. चार-पाच स्पोक मोजले आणि मान हलवली. "जेवढा हवा त्याच्या निम्मासुद्धा नाही हो. काही तर पार सुटलेत. कारखान्यातूनच ढिली आली असणार. स्वस्तातलं म्हणजे हे असंच." मग मला विचारलं, "तुमच्याही लक्षात नाही आलं?"

मी मान हलवली. नाही म्हणून. ते मान हलवणं मला अजून मानेत दुखतं.

घरी आल्यावर न जेवता मी दुकान उघडलं. माझ्या जुन्या चाकातला एक स्पोक काढला, एक त्या चाकातला, आणि बाकावर शेजारी शेजारी ठेवले. रिम खोल म्हणजे स्पोक आखूड. तो दोन बोटं आखूड होता, शिवाय चपटा आणि हलका. आखूड, हलकी तार कमी ताणातसुद्धा वरच्या आवाजात वाजते. तंबोऱ्याची तार जुळवायला शिकणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीला हे माहीत असतं. मला चौतीस वर्षं माहीत नव्हतं, कारण चौतीस वर्षं माझे सगळे स्पोक जवळपास एकाच लांबीचे होते. कारखान्याने बरोबर आवळलेलं चाक मी माझ्या ओळखीच्या आवाजापर्यंत खाली आणलं, म्हणजे ताण निम्म्यावर आणला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चिठ्ठीत लिहिलं होतं, तेही मी हसण्यावारी नेलं होतं.

ताईचा फोन आला. "तू उगाच स्वतःला लावून घेऊ नकोस रे. आपली ऐपत तेवढीच होती. स्वस्त घेतलं, त्याचं फळ." मी "हं" म्हणालो. बहिणीला सांगायचीही माझी छाती झाली नाही.

मंगळवारी सकाळी काडी आली. सायकलवर नाही, चालत. हातात एक कागद होता.

"मामा, कारखान्याला तक्रार लिहिलीय. पैसे तरी परत मिळतील. पण ते म्हणतात, चाक ढिलं आलं याला कुणा जाणकाराची सही पाहिजे. मी म्हटलं, आमच्याकडे जाणकार घरातलाच आहे."

तिने कागद बाकावर ठेवला आणि खिशातून पेन काढून त्यावर ठेवलं. शांतपणे लिहिलेलं होतं, चांगल्या अक्षरात. आमच्या अनुभवी मेकॅनिकच्या मते, वगैरे.

"काडे, बस जरा."

"उभीच बरी आहे. शिफ्टला जायचंय. आता काय, रोजच जायचंय."

मग मी सांगितलं. उभ्या उभ्या, स्टँडला धरून. आवाज कसा वर लागला, मी कसा घाबरलो, दोन सकाळी काय केलं, दोन स्पोक शेजारी ठेवल्यावर काय दिसलं. मेकॅनिकसमोर मी खोटं बोललो तेही. काही गाळलं नाही. "चाकं चांगली होती," मी म्हटलं. "तू त्या दिवशी तिसरी आली असतीस. तुझं वर्ष मी खाल्लं. वर्ष कसलं, सगळंच."

तिने मला शिव्या द्याव्यात असं फार वाटत होतं मला. पाना उचलून माझ्या डोक्यात घातला असता तरी चाललं असतं. ती नुसती त्या दोन स्पोकांकडे बघत राहिली. एकेक उचलून बघितला, परत ठेवला.

"बुधवारीच जाणवलं होतं मला," ती म्हणाली.

"काय?"

"मागचं चाक वळणावर लेचं पडत होतं. उभं राहून जोर लावला की आणखीच. गुरुवारी पण. म्हटलं, येऊन तुला सांगावं. निघाले पण होते."

"मग?"

"मग म्हटलं, मामाने लावलंय. मामाच्या हातचं चाक लेचं कसं असेल? माझ्याच पायात जोर कमी पडत असेल. ताई म्हणते तशी मी उगाच कारणं शोधतेय." ती आईला ताईच म्हणते, लहानपणापासून, माझं ऐकून. "म्हणून मी आणखी जोर लावत राहिले. बांधावर घासायला लागलं तेव्हासुद्धा मला वाटलं, मीच वाकडी चालवतेय."

तिने कागद उचलला, नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवला. घड्याळ बघितलं. दाराशी गेली, थांबली, आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी तेव्हाच सांगायला हवं होतं, मामा. चुकलं माझं."

ती माझी माफी मागत होती.