आकाइतीच्या गळ्यातली नळी

मी आकाइतीची श्वासनलिका बोलतेय, आणि आधीच सांगून टाकते: माझं कुणी खरं मानलं नाही. आकाइतीचंही नाही. आम्ही दोघींनी कानीकपाळी ओरडून सांगितलं. तिचा भाऊ हसला, आणि त्याच्याबरोबर सगळं मानिहिकी बेट हसलं.

दिसायला मी काही फार नाही. बोटाएवढी जाड, वीतभरसुद्धा लांब नाही. कुर्चेच्या कड्या एकाखाली एक रचल्यात, म्हणून मी मिटत नाही. त्या कड्या मागच्या अंगाला उघड्या आहेत, कारण माझ्या पाठीला लागून अन्ननलिका राहते आणि आकाइती नारळाचा घास हा एवढा घेते. घास उतरताना फुगायला त्या नळीला जागा नको? शेजारीण तशी बरी, पण तिचा माल माझ्यात शिरला तर माझा जीव जातो. म्हणून वर एक झाकण आहे. गिळताना ते पडतं. तोंडात घास असताना बडबडणारी माणसं मला आवडत नाहीत ती त्यासाठी.

माझ्या आतून बारीक केस आहेत. ते अष्टौप्रहर झाडलोट करतात. चुलीचा धूर, होडीच्या इंजिनाची काजळी, वाळूची धूळ, सगळं चिकट बेडक्यात गुंडाळून वर ढकलायचं. आकाइती खाकरते आणि पाण्यात थुंकते. कधी आभार मानले असतील तर शपथ.

खाली मला दोन फाटे फुटतात. उजवा जाड आणि सरळ. डावा जरा अंग चोरून, कारण तिकडे हृदयाने जागा अडवलीय. फाट्यांना आणखी फाटे, त्यांना आणखी, आणि शेवटी इवले इवले फुगे, माशाच्या गाबोळीसारखे गच्च. फुग्याची भिंत इतकी पातळ की अलीकडे हवा आणि पलीकडे रक्त. रक्त प्राणवायू उचलतं आणि टाकाऊ वायू सोडून जातं. तो टाकाऊ वायू लक्षात ठेवा. सगळं भांडण त्याच्यावरून आहे.

फुप्फुसं स्वतः हलत नाहीत. त्यांच्याखाली पडदा आहे. तो खाली ओढला गेला की छाती मोठी होते, हवा आत येते. तो सैल सुटला की बाहेर. त्याला हुकूम येतो मेंदूच्या देठातून. तिथे एक राखणदार बसलाय. प्राणवायू किती उरला ते तो फारसं बघत नाही. टाकाऊ वायू साचला की मात्र बोंब ठोकतो, श्वास घे, घे म्हणतो ना!

आता आमच्या बेटाचं सांगते. इथे माणसं काळ्या मोत्यांचे शिंपले दोऱ्यांना टांगून पाण्यात वाढवतात आणि बुड्या मारून जगतात. आकाइतीचा बाप रुआतोए सगळ्यांत खोल जायचा. बुडीआधी होडीच्या काठावर बसून भात्यासारखा फू फू करायचा, ओठांना मुंग्या येईपर्यंत. मुंग्या आल्या की म्हणायचा, "आला वारा, भरली छाती." एक दिवस तो वर आलाच नाही. शार्कने नेला म्हणाले. दुसऱ्या दिवशी सापडला तर अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, तरी शार्कनेच नेला म्हणाले. प्रार्थनेला सगळं बेट छाती फुटेस्तोवर गायलं. मीही गायले. तेव्हापासून त्या फुंकण्याला "बाबाचा वारा" नाव पडलं. ओठांना मुंग्या आल्याशिवाय इथे कुणी पाण्यात पाय घालत नाही.

अहो, छाती एकदा भरली की भरली! फू फू करून ती जास्त भरत नाही. बाहेर जातो तो टाकाऊ वायू, आणि तो गेला की राखणदार घोरायला लागतो. खाली प्राणवायू संपत येतो आणि बोंब मारायला कुणी नसतं. मुंग्या ही छाती भरल्याची खूण नाही. पहारा उठल्याची आहे.

गेल्या हंगामात बुडी मारून वर येता येता आकाइतीच्या डोळ्यांपुढे अंधार झाला. भावाने, तोकोरुआने, केसांना धरून होडीत ओढली. शुद्धीवर आल्यावर ती म्हणाली, "मला श्वास घ्यावासा वाटलाच नाही रे. हे त्या फुंकण्याने होतं."

"उपाशी आली होतीस," तोकोरुआ म्हणाला. "आणि आता वय झालं तुझं, मान्य कर."

"वय तुझ्या बायकोचं झालं."

"बाबाच्या वाऱ्याला नावं ठेवतेस? चौथीत शाळा सोडलेली तू!"

"आणि तू रे? मास्तर तुला बघून शाळा सोडून गेले!"

लोक हसले. प्रश्न मिटला. माझा नाही मिटला.

परवा वादळाने एक दोरी तुटली आणि शिंपल्यांच्या टोपल्या तळाशी गेल्या. त्या काढायला तोकोरुआने मोएरोआला घेतलं. मोएरोआ म्हणजे आकाइतीची एकुलती एक लेक. आकाइतीही होडीत चढली. पोरगी काठावर बसून फुंकायला लागली तशी आकाइतीने तिचा दंड धरला.

"पुरे गं. साधा श्वास घे आणि जा."

"आई, तू वर बसून काळजी कर. ते तुला छान जमतं."

"आल्या का मुंग्या?" तोकोरुआने विचारलं.

"आल्या मामा!"

आणि ती गेली.

पाणी काचेसारखं होतं. खाली ती टोपलीशी झटताना दिसत होती. आकाइतीने नकळत आपलाही श्वास धरला. मला वाटलं, आता येईल. आता. पोरगी टोपली सोडायला तयार नाही, कारण तिला श्वासाची आठवणच होत नाही! माझ्याखालचा पडदा धडका मारायला लागला. तिचा गप्प होता.

शेवटी ती निघाली. पण घात तळाशी होत नाही. वर येताना पाण्याचा दाब उतरतो, फुप्फुसं पसरतात, आणि उरलासुरला प्राणवायू विरळ होतो. पृष्ठभाग हातभर राहिला असताना तिच्या तोंडातून बुडबुडे सुटले आणि हात लोंबले.

"झोपली ती! तोकोरुआ, झोपली!"

आकाइती कपड्यांनिशी पाण्यात पडली. पोरीचं तोंड वर काढलं, डोळ्यांवरची बुडीची काच ओरबाडून फेकली. पोरीचे ओठ निळे पडले होते. गळा आतून मिटलेला होता, म्हणून पाणी आत गेलं नव्हतं. पण हवाही जाईना. आकाइतीने तोंडाला तोंड लावलं आणि मी होती नव्हती तेवढी हवा वर ढकलली. उष्टी हवा ती, पण उष्ट्या हवेतही जगवण्याइतका प्राणवायू उरतो. एकदा दिली. काही नाही. पुन्हा दिली. माझ्यासारखीच एक नळी, माझ्या मालकिणीने जन्माला घातलेली, दार लावून बसली होती. उघड गं बाई, उघड! तिसऱ्या फुंकरीला ती उघडली. पोरगी खोकली. त्या खोकल्याइतकं गोड मी कधी ऐकलं नाही.

किनाऱ्यावर माणसं जमली. तोकोरुआचं तोंड चालूच होतं. काच घट्ट होती म्हणे. कुणी इंजिनाचा धूर म्हणालं. एक म्हातारी आकाइतीलाच म्हणाली, "तूच रोज भीती घालतेस, ती पोरीच्या छातीत बसली."

मी आता खाऱ्या पाण्याने सोलवटून निघालेय, आवाज बसलाय. म्हणून तुम्हाला एकदाच सांगते. मुंग्यांवर विश्वास ठेवू नका. साधा श्वास घ्या, आणि एकट्याने बुडी मारू नका. दुसऱ्याचं लक्ष असू द्या.

आकाइती किनाऱ्यावर एकेकाला सांगत होती, हे फुंकण्यानेच झालं. "मग दोष कुणाचा?" तोकोरुआ तिच्यावर ओरडला. "काच नाही, धूर नाही, तू नाहीस! शिकवलं कुणी? नाव घे ना!"

त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. बाप शार्कने नेला असं मानलं की बाप थोर राहतो, एवढंच. आकाइतीच्या स्वरयंत्राच्या पट्ट्या घट्ट मिटल्या होत्या. मांडीवर पोरगी धापा टाकत होती. मी खालून हवा लावली, सगळी, आणि पट्ट्या थरथरल्या.

आकाइती म्हणाली, "रुआतोए."