कार्यालय, धायरी

आलिमा मुजावर सरकारच्या विहीर नोंदणी विभागात वरिष्ठ लिपिक होत्या. धायरीत विहिरी होत्या तोवर त्यांचं ऑफिसही धायरीतच होतं, संभाजी पोकळ्यांच्या भाड्याच्या जागेत. मग विहिरी बुजल्या, वर इमारती उभ्या राहिल्या आणि विभागाने ऑफिस उचलून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, खराडीला नेलं. रिकाम्या झालेल्या जागेवर संभाजींनी मंगल कार्यालय बांधलं. इथवर सगळं ठीक होतं.

मग मोबाइलवरची हजेरी आली. रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या कार्यालयात उभं राहून मोबाइलला चेहरा दाखवायचा, नाही दाखवला तर दिवस बिनपगारी. आलिमाबाईंनी खराडीच्या टेबलाशी बसून चेहरा दाखवला. मोबाइल म्हणाला, 'आपण कार्यालयात नाही.'

त्या उठून उपविभागीय अधिकारी शेफाली ओक यांच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, मी कार्यालयात नाहीये."

"मला तर दिसताय."

"मलाही दिसतेय. मोबाइलला दिसत नाही."

मोबाइलच्या लेखी ऑफिस अजून धायरीतच होतं. शेफालीमॅडमनी पत्ता बदलण्याची विनंती वर पाठवली. वरून उत्तर आलं की विनंती रास्त आहे, फक्त ती नव्या पत्त्यावर हजेरी लागलेल्या कर्मचाऱ्यामार्फत यावी. मॅडमनी ते उत्तर दोनदा वाचलं आणि चहा मागवला. अधिकाऱ्यांना या हजेरीतून सूट होती.

सूट नसलेले दोघंच होते, आलिमाबाई आणि शिपाई दशरथ. दोघं सकाळी धायरीला हजेरी लावून खराडीची बस धरत. पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झालेली असे. डबा खाऊन, हात धुऊन, संध्याकाळच्या हजेरीसाठी ते परत धायरीला निघत.

लग्नसराई सुरू झाली तशी खरी पंचाईत झाली. मोबाइलला मान्य असलेली जागा नेमकी स्टेजवर, वधूवरांच्या सोफ्यापाशी येत होती. पहिल्याच दिवशी आलिमाबाई आहेराच्या रांगेतून वर चढल्या आणि मोबाइल धरला. 'एकापेक्षा जास्त चेहरे आढळले.'

"नवरदेव, जरा तिकडे सरकता का?"

तो सरकला. त्याला वाटलं बाई मुलीकडच्या, मुलीला वाटलं मुलाकडच्या. हजेरी लागली तशी दोघं जोडीने पायाशी वाकले. आता कुठे खुलासा करत बसणार? आलिमाबाईंनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखाचा संसार करा म्हणाल्या. दशरथ आधीच पंगतीत बसला होता. पुढच्या आठवड्यापासून तो फेटा बांधूनच यायला लागला.

संभाजी पोकळ्यांनी एकदा त्यांना मांडवाच्या कडेला गाठलं.

"आलिमाताई, तुमच्या येण्याचं काय न्हाई. पर रोज त्याच साडीत येताय. फोटोत दिसतं ना."

आलिमाबाईंना ते पटलं. नणंदेच्या लग्नानंतर कपाटातच राहिलेल्या रेशमी साड्या बाहेर निघाल्या. मेहबूबमियाँ, म्हणजे त्यांचे निवृत्त नवरे, रोज दारात उभे राहून विचारत, "आज कुणाचं लग्न?" आणि त्या म्हणत, "सरकारचं."

वर्षअखेर वरच्या लोकांनी आकडे पाहिले. धायरीची हजेरी पूर्ण होती, खराडीची शून्य. जिथे कुणीच फिरकत नाही ते खराडीचं ऑफिस बंद झालं. धायरीचं मात्र आदर्श शासकीय कार्यालय म्हणून घोषित झालं, आणि शेफालीमॅडमचं टेबल व कपाट टेम्पोतून मंगल कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत येऊन पडलं. आदेशात शेवटी एक ओळ होती, की शासकीय कार्यालयात कामाच्या वेळेत खाजगी समारंभ करू नयेत.

दुसऱ्या दिवशी संभाजी हातात टोपी घेऊन त्याच खोलीच्या दारात उभे राहिले.

"मॅडम, माझ्या मुक्ताईचं लग्न हाय. पत्रिका वाटून झाल्या. आता माझ्याच कार्यालयात मी लग्न लावायचं न्हाई?"

"मला वाईट वाटतं," शेफालीमॅडम म्हणाल्या, आणि त्यांना खरंच वाटत होतं. "पण नियम आहे."

संभाजी खुर्चीत मटकन बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण नुसता टोपी चुरगाळत राहिला. आलिमाबाईंना ते बघवेना.

"मॅडम, कार्यालयात बैठक घेता येते?"

"येते की."

"बाहेरची माणसं बोलावून?"

"लोकसहभाग असेल तर उत्तमच."

"बैठकीत अल्पोपहार?"

शेफालीमॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. मग संभाजींकडे पाहिलं. "किती जण आहेत अल्पोपहाराला?" त्यांनी विचारलं.

आढावा बैठक दणक्यात झाली. अक्षता पडल्या, सनई वाजली, मॅडमनी अध्यक्षस्थानावरून डोळे पुसले. इतिवृत्त आलिमाबाईंनी लिहिलं: 'दोन्ही पक्षांनी दीर्घकाळ परस्पर सहकार्य करावे, असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर.' नियमाप्रमाणे ते वर गेलं.

वर कुणीतरी ते वाचलं. ठराव स्तुत्य असून अंमलबजावणीचा अहवाल दरमहा सादर करावा, असा आदेश आला.

म्हणून आलिमाबाई वाघोलीला मुक्ताईच्या नव्या घरी गेल्या. दार उघडताच मुक्ताईने त्यांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी, लिहून घ्या. हा घरात काडीचं काम करत नाही."

"मावशी, मी वर्क फ्रॉम होम करतो," तिचा नवरा रोहन म्हणाला. "दिवसभर कॉल असतात."

"आणि मी काय पिकनिकला जाते? रात्रीचा स्वयंपाक मी, भांडीही मीच!"

"मी विचारलं होतं तुला, भांड्याला बाई लावू का. तूच नको म्हणालीस."

"बाई नको म्हटलं. तू नको असं म्हटलं का मी?"

आलिमाबाई चहा पीत दोन्ही बाजू ऐकत राहिल्या. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी न बघितलेल्या विहिरींचे ढिगाने अहवाल पाठवले होते. अहवालात काय लिहिलंय म्हणून इतक्या काळजीने त्यांच्या पेनाकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. रोहन तर मान उंचावून पाहत होता.

"काय लिहिताय, मावशी?"

"सहकार्य अपेक्षेपेक्षा कमी, असं लिहितेय. वर जाईल हे."

"म्हणजे नेमकं कुठे जाईल?"

"ते आम्हालाही कधी कळलेलं नाही," त्या खरं तेच बोलल्या.

रोहन उठून बाह्या सारत आत गेला. मुक्ताई तोंडाला पदर लावून हसायला लागली. आतून नळ सुटल्याचा आणि काहीतरी फुटल्याचा आवाज आला, आणि आलिमाबाईंनी दोन्ही गोष्टी अहवालात घेतल्या.